खालचं झाकण

आमच्या ह्यांना नात्यातली सगळी मुलं 'नाहीकाका' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ह्यांना ते ठाऊक आहे. चौतीस वर्षं ह्यांनी खताच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काढली. कुणाला टाकीत उतरायचं असो, उंचावर चढायचं असो की वेल्डिंग करायचं असो, आधी ह्यांची सही लागायची. आणि सही मागायला आलेल्याला पहिल्या फेरीत हमखास एकच शब्द ऐकायला मिळायचा: नाही. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी खोड गेली नाही. कुणाच्या घरी गेलो की हे आधी गॅसची नळी बघणार, मग चहाचा कप उचलणार. मुलीने आम्हाला समुद्रसफरीची तिकिटं काढून दिली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, एवढं एकच कर. बाबांना जहाजावरच्या पाट्या वाचू देऊ नकोस."

पहिल्याच दिवशी ह्यांनी लाइफबोटी मोजल्या.

मी सांगतेय ती गोष्ट चौथ्या दिवसाची. सकाळी आठला जहाज धक्क्याला लागलं. संध्याकाळी साडेपाचला ते सुटणार होतं आणि पाचच्या आत सगळ्यांनी परत यायचं होतं. "उशीर झाला तर जहाज थांबत नाही," असं गाइडने बसमध्ये माइकवरून तीनदा बजावलं. गाइड म्हणजे पंचविशीतली मुलगी, हातात पिवळी छत्री, आवाज अगदी खणखणीत. बसमध्ये आम्ही एकतीस प्रवासी. सकाळी जुन्या शहराचे अवशेष, दुपारी डोंगरउतारावरची एक वाइनरी, आणि मग तासाभराचा परतीचा रस्ता, असा बेत होता.

अवशेष बघताना माझी आणि ह्यांची जुंपली. दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर. अर्धे खांब उभे, अर्धे आडवे, मधूनमधून गुडघाभर भिंती, आणि टेकडीच्या पोटात कोरलेलं दगडी प्रेक्षागृह. पायऱ्यांवर ऊन नुसतं तापत होतं. लोक वरच्या कडेवर उभे राहून फोटो काढत होते. मला त्या दगडांकडे बघत शांत बसायचं होतं. ह्यांचं मात्र सुरू होतं.

"इथे कठडा नाही," हे गाइडला म्हणाले.

"दोन हजार वर्षं नव्हताच, काका," ती हसून म्हणाली.

"दोन हजार वर्षांत किती पडले, ते लिहून ठेवलंय का कुणी?"

पुढे एक कोरडा हौद लागला तर हे तिथल्या पोरांना मागे हटवायला धावले. मग आमच्याच बसमधल्या एका बाईला तिच्या सँडलवरून ऐकवलं. ती बाई नवऱ्याकडे बघून डोळे फिरवून हसली, आणि ते हसू माझ्या जिव्हारी लागलं. मी ह्यांना एका खांबाआड ओढलं.

"पुरे झालं हं," मी म्हटलं. "लोक हसतात. तुम्ही आता कुणाचे साहेब नाही. आज संध्याकाळपर्यंत कुणाला 'नाही' म्हणालात, तर उद्यापासून मी एकटी फिरेन. शपथेवर सांगते."

हे म्हणाले, "बरं."

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांचं 'बरं' मला चांगलं कळतं. पटलं म्हणून आलेलं 'बरं' वेगळं आणि दार लावून घेतल्यासारखं वेगळं. हे दुसरं होतं. बसमध्ये चाळीस मिनिटं हे खिडकीबाहेर बघत बसले. मी खूश होते. जिंकल्यासारखं वाटत होतं मला.

वाइनरी दोघा भावांची होती. थोरला पन्नाशीचा, खांद्याने रुंद, बोलायला कंजूष. टाक्या, पिंपं, यंत्रं सगळं त्याच्याकडे. धाकटा त्याच्याहून दहाएक वर्षांनी लहान आणि त्याच्या अगदी उलट, जिभेवर साखर. पाहुण्यांचं सगळं तो आणि त्याची बायको बघायचे. झाडाखाली लांब टेबलं मांडली होती. पाव, चीज, द्राक्षं आणि तीन प्रकारची वाइन. मी एक घोट घेतला आणि उरलेली हळूच ह्यांच्या पेल्यात ओतली. ह्यांनी पेल्याला हातही लावला नाही.

पावणेतीनच्या सुमारास धाकटा म्हणाला, "चला, आता आमचं स्वयंपाकघर दाखवतो."

इमारत उतारावर बांधलेली होती. वरून आत शिरलं की एक लांब दालन, आणि त्याच्या जमिनीतच सिमेंटच्या सहा खोल टाक्या. प्रत्येकीचं तोंड फरशीच्या पातळीवर, विहिरीच्या तोंडासारखं गोल, त्यावर लोखंडी झाकण. आजोबांनी बांधलेल्या टाक्या, धाकटा सांगत होता. द्राक्षं चिरडून ह्यात टाकायची, आठ-दहा दिवस आंबू द्यायची, मग रस काढून घ्यायचा आणि तळाशी राहिलेला चोथा बाहेर काढायचा. सहापैकी एका टाकीचं झाकण उघडं होतं आणि तिच्यात लाकडी शिडी सोडलेली होती.

"हिच्यातला रस आज सकाळीच काढला," धाकटा म्हणाला. "चोथा अजून आत आहे. वाकून बघा, पण जपून."

दालनात शिरताच माझ्या नाकात झिणझिण्या आल्या. सोड्याची बाटली फोडून पहिला घोट घाईने घेतला की येतात ना, तशा. मला वाटलं, वाइनरी आहे, असाच वास असणार. ह्यांनी मात्र मान वर केली. भिंतीवर, मग छताकडे बघितलं. तिथे एक मोठा पंखा होता, बंद. ह्यांनी धाकट्याला विचारलं, "हा पंखा का बंद आहे?"

"भयंकर घरघरतो हो. पाहुणे आले की बंद करतो, नाहीतर माझं बोलणं कुणाला ऐकू जाणार?"

लोक हसले. ह्यांनी पुढे काही बोलायला तोंड उघडलं. मी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

तो चिमटा मी जन्मात विसरणार नाही.

आमच्यात एक टोपीवाले गृहस्थ होते, दिसेल त्याचा फोटो काढणारे. ते टाकीच्या तोंडाशी उकिडवे बसले, फोन आत धरला आणि तो हातातून सटकला. आत मऊ, ओला आवाज झाला. टोपीवाल्यांचा चेहरा रडवेला झाला. "सगळ्या सहलीचे फोटो आहेत हो त्यात!"

"एवढंच ना?" धाकटा म्हणाला. "आत्ता काढून देतो."

"थांबा!" हे ओरडले. "उतरू नका! आधी पंखा—"

आम्ही मागे उभे होतो. धाकटा शिडीच्या चार पायऱ्या उतरलाही होता. त्याने हसून वर बघितलं. "रोजचंच आहे, काका." मग त्याचं डोकं फरशीखाली गेलं. हे लोकांना बाजूला सारत पुढे घुसले, मी त्यांच्या मागे. पोचलो तेव्हा धाकटा तळाशी उभा होता, गुडघ्यापर्यंत जांभळ्या चोथ्यात. फोन उचलायला तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग एखादी गोणी कलंडावी तसा कुशीवर पडला. आवाज नाही, हाक नाही, काही नाही.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. कुणीतरी म्हणालं, "घसरला वाटतं."

मग त्याच्या बायकोने किंकाळी फोडली.

पिंपांच्या खोलीतून थोरला धावत आला. टाकीत एक नजर टाकली आणि तो सरळ शिडीकडे गेला. ह्यांनी त्याला मागून कमरेला मिठी मारली.

माझ्या नवऱ्याचं वय अडुसष्ट. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आणि समोर बैलासारखा माणूस, ज्याचा भाऊ दोन पुरुष खोल टाकीत पडलेला.

"सोडा! माझा भाऊ आहे तो!"

"आत हवा नाही!" हे ओरडत होते. "तू उतरलास तर तूही पडशील! मग दोन जातील! ऐक माझं!"

"सोडा म्हणतो ना!"

थोरल्याने कोपर मागे हाणलं. ह्यांच्या बरगडीत ते बसलं तेव्हाचा आवाज मी ऐकला. चष्मा फरशीवर घसरत गेला. ह्यांनी मिठी सोडली नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी ह्यांच्या कारखान्यात असाच एक जण टाकीत पडला होता. त्याच्यामागे त्याचा दोस्त उतरला. ह्यांनी त्याला धरलं होतं, पण तो ह्यांच्या काखेखालून निसटला. दोस्तामागे तिसरा गेला. तिघांनाही संध्याकाळी बाहेर काढलं. त्या दिवशी हे घरी आले, जेवले, आणि ताटावरून उठताना मला एवढंच म्हणाले, "पहिला माझ्या हातात नव्हता. दुसरा होता." त्यानंतर तो विषय ह्यांनी कधी काढला नाही, आणि मीही नाही.

सगळं दालन आता ह्यांच्यावर ओरडत होतं. "अहो, जाऊ द्या त्याला!" "माणूस मरतोय तिथे!" टोपीवाले तर ह्यांचा हात सोडवायला बघत होते. धाकट्याची बायको ह्यांच्या पाठीवर मुठी मारत होती. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, हे चुकले असतील तर? तो खाली नुसता बेशुद्ध असेल, वेळेवर कुणी उतरलं तर वाचेल, आणि माझा नवरा त्याच्या सख्ख्या भावाला धरून बसलाय. तो मेला तर? आयुष्यभर हे लोक म्हणतील, वाचला असता, पण एका म्हाताऱ्याने वाचवू दिलं नाही.

पण मग मला चिमटा आठवला. ह्यांना सगळं आधीच कळलं होतं. गप्प बसवलं होतं मी.

मी वाकले, शिडीची वरची दोन टोकं धरली आणि ओढली. जड होती, चोथ्यात रुतलेली होती. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा सुटली. पायरी-पायरीने वर घेतली आणि फरशीवर आडवी ढकलून दिली.

दालनात एकदम शांतता झाली. धाकट्याच्या बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी इथे सांगत नाही.

ह्या शांततेत हे थोरल्याच्या कानाशी बोलले. आता ओरडून नाही. कारखान्यात सही देताना बोलायचे त्या आवाजात. "ह्या टाकीतला चोथा पूर्वी कुठून काढायचे? इमारत उतारावर आहे. खालून एखादं झाकण असणार. आहे का?"

थोरला धापा टाकत होता. त्याच्या डोक्यात काही शिरायला वेळ लागला.

"खालच्या अंगणात," तो म्हणाला. "लोखंडी दार आहे. चार वर्षं उघडलं नाही. बोल्ट गंजलेत."

"द्राक्षं आंबताना सुटणारा हा वायू हवेपेक्षा जड असतो. खालून दार उघडलं की पाण्यासारखा वाहून जाईल. पाना कुठाय?"

"बसमध्ये आहे!" दारातून आवाज आला. आमचा ड्रायव्हर. गाइडने हाक मारली म्हणून तो धावत आला होता, आणि ऐकलं तसा धावत परत गेला.

"चल," हे थोरल्याला म्हणाले आणि त्याला सोडलं. थोरला टाकीकडे वळला नाही. तो जिन्याकडे पळाला. हे नंतर मला म्हणाले, घाबरलेल्या माणसाला नुसतं धरून ठेवता येत नाही, त्याच्या हातात काहीतरी काम द्यावं लागतं. हे त्यांना एकोणीस वर्षांपूर्वी माहीत नव्हतं.

जाताजाता ह्यांनी भिंतीपाशी बोट दाखवलं. द्राक्षं दाबायच्या यंत्राला हवा पुरवणारा कंप्रेसर होता तिथे, लांबलचक रबरी नळीसकट. "तो चालू करा. नळी त्याच्या तोंडापाशी सोडा. पंखा लावा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डोकं आत घालू नकोस, तू माझं ऐक, डोकं आत घालू नकोस."

गाइडने पंखा लावला आणि लोकांना बाहेर पिटाळलं. कंप्रेसरचं बटण कुठे ते फक्त धाकट्याच्या बायकोला ठाऊक होतं. ती तशीच उभी होती. मी तिला खांद्याला धरून हलवलं. "बाळ, बटण."

तिने ते दाबलं. आम्ही दोघी फरशीवर आडव्या पडलो, हनुवट्या टाकीच्या काठाच्या मागे, आणि नळी आत सोडली. टोकाला पितळी तोटी होती, तिचा खटका दाबून मी तो माझ्या ओढणीने करकचून बांधला होता. फुसफुसत ती खाली गेली. पहिल्यांदा भिंतीकडे गेली, मग त्याच्या पाठीवर. त्याचं तोंड आमच्या बाजूला वळलेलं होतं, एक गाल चोथ्यात. ओठांचा रंग चोथ्यासारखाच झाला होता.

"उजवीकडे," ती म्हणाली. तिच्या आवाजात माझ्याबद्दल नुसतं विष होतं. "अजून. आता खाली."

"लागली?"

"लागली. केस हलताहेत."

त्याचे केस वाऱ्यावर हलत होते. बाकी काही हलत नव्हतं.

"तुम्ही शिडी का काढलीत?" ती मला म्हणाली. नळी घट्ट धरून, माझ्याकडे न बघता. "काय बिघडलं असतं तुमचं?"

मी त्याच्या छातीकडे बघत होते. वर-खाली होते का, एवढंच.

खालून घण बसला. सगळी टाकी घंटेसारखी घणाणली. मग पुन्हा. मग पाना घसरल्याचा कर्कश आवाज, आणि ड्रायव्हरचं ओरडणं, "एक सुटला!" मी तिला विचारलं, "किती आहेत?" ती म्हणाली, "चार." दुसरा लवकर सुटला. तिसऱ्याला सुटायचं नावच नाही. घण, घण, घण. मी आकडे मोजायला लागले आणि साठाच्या पुढे सोडून दिलं. टाकीच्या काठाला नाक आलं की झिणझिण्या यायच्या, डोकं जड व्हायचं. मी तिला मागे ओढायची, ती मला.

"तीन!"

मग बराच वेळ काहीच नाही. नुसती खुडबुड. थोरल्याचा शिव्या देण्याचा आवाज. आणि मग टाकीच्या तळाशी, त्याच्या बुटांपलीकडे, उजेडाची एक बारीक रेघ उमटली. रेघेची फट झाली, फटीचा चौकोन झाला. दुपारचं ऊन आत आलं आणि तो सगळा चोथा लालभडक चमकला.

ती उठून पळणार, तेवढ्यात खालून ह्यांचा आवाज आला. "बाजूला व्हा! दारासमोर कुणी उभं राहू नका! आता सगळा वायू तुमच्यावरच येतोय! वीसपर्यंत मोजा!"

"वीस कशाला?" थोरला किंचाळला.

"मोज!"

आणि तो मोजायला लागला. मोठमोठ्याने, रडत. एक, दोन, तीन. शाळेतल्या पोरासारखा. वर त्याची भावजयही मोजत होती. मीही मोजत होते. अकरा, बारा. त्याचे केस अजून हलत होते. सतरा. अठरा. वीस होताच चोथा ओढायचं एक लांब दांड्याचं दाताळं त्या चौकोनातून आत आलं, चाचपडलं, त्याच्या बुटात अडकलं. बूट सुटून आला. दाताळं परत आलं, ह्या वेळी पोटरीमागे बसलं आणि ओढलं. पाय सरकला. मग दोन हात आत आले, थोरल्याचे, आणि त्यांनी घोटे धरले. तो आमच्या डोळ्यांदेखत घसरत घसरत उजेडात निघून गेला. चोथ्यात त्याच्या आकाराचा खळगा उरला, आणि त्या खळग्यात फोन चमकत होता.

खाली धावत गेलो तेव्हा त्याला अंगणाच्या वरच्या टोकाला, वाऱ्यावर, नेऊन ठेवलं होतं. ड्रायव्हर त्याच्या छातीवर दोन्ही तळहात ठेवून दाबत होता. बस चालवणाऱ्यांना हे शिकवतात म्हणे. हे त्याच्या डोक्याशी गुडघ्यावर बसले होते, नाक चिमटीत धरून तोंडाने हवा भरत होते. तीस दाब, दोन श्वास. तीस दाब, दोन श्वास. प्रत्येक श्वासाला ह्यांचा स्वतःचा चेहरा पिळवटत होता, बरगडीमुळे. थोरला बाजूला भिंतीला टेकून बसला होता. त्याची बोटं सोलून निघाली होती. तो कुणाकडेच बघत नव्हता.

चौथ्या फेरीला धाकट्याच्या घशातून एक आवाज आला. घाणेरडा, ओला आवाज. मग तो खोकला, ओकला, आणि त्याने लांब, खरवडणारा श्वास घेतला.

तो आपणहून श्वास घेतोय हे कळल्यावर ह्यांनी मान खाली घातली आणि गवतावर हात टेकून तसेच राहिले.

गाइडने पहिल्याच मिनिटाला रुग्णवाहिका बोलावली होती, पण ती जवळच्या मोठ्या गावाहून यायची होती. धाकटा श्वास घेत होता पण डोळे उघडत नव्हता. साडेतीन वाजून गेले. आमची निघायची वेळ टळली. बसपाशी कुजबुज सुरू झाली आणि हळूहळू तिचा आवाज वाढला. जहाज सुटलं तर? पासपोर्ट केबिनमध्ये आहेत. ज्या बाईने सकाळी डोळे फिरवले होते ती गाइडला म्हणाली, "आता आपण इथे थांबून काय करणार आहोत? आपण काही डॉक्टर नाही." तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. गाइड बिचारी दोन फोन दोन कानांना लावून उभी होती. शेवटी ती ह्यांच्यापाशी आली.

"काका, जहाजाशी बोलले मी. साडेपाचच्या पुढे एक मिनिटसुद्धा थांबणार नाहीत."

"तुम्ही जा," हे म्हणाले. धाकट्याच्या मनगटावरची बोटं त्यांनी उचलली नव्हती. "ह्याचा श्वास परत थांबू शकतो. मी रुग्णवाहिका येईपर्यंत हलणार नाही."

"आणि जहाज?"

"जाऊ दे."

ड्रायव्हरने बसची किल्ली खिशात टाकली आणि गवतावर बसला. "मग मीही इथेच," तो म्हणाला. झालं, प्रश्नच मिटला.

रुग्णवाहिका चार वाजून सात मिनिटांनी आली. स्ट्रेचरवर घेताना धाकट्याने डोळे उघडले, पण ते कुणाला ओळखत होते असं मला वाटलं नाही. त्याची बायको आत चढली, थोरला तिच्यामागे. दार लागण्याआधी मी त्याच्याकडे बघितलं. त्याने ह्यांच्याकडे बघितलंच नाही.

परतीच्या वाटेवर बसच्या प्रत्येक वळणावर ह्यांचा हात बरगडीकडे जायचा. टोपीवाले पुढच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी फोनचं नाव काढलं नाही. धक्क्याला पोचलो तेव्हा पाच पंचवीस झाले होते. शिडीशी दोन खलाशी दोर हातात घेऊन उभे होते. ड्रायव्हरने ह्यांचा हात हातात घेतला, काहीतरी बोलणार होता, पण गाइड ओरडली, "पळा!" आणि आम्ही पळालो.

जहाजावरच्या डॉक्टरने एक्स-रे काढून सांगितलं, दोन बरगड्यांना तडा गेलाय. कसं झालं विचारलं तर हे म्हणाले, "धक्का लागला."

पुढचे दोन दिवस समुद्रच समुद्र, आणि फोन लागत नव्हता. तो माणूस जगला की नाही, जगला तर शुद्धीवर आला की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. हे डेकवरच्या खुर्चीत बसून राहायचे. लाइफबोटींकडेसुद्धा बघत नव्हते. मला वाटायचं, ओरडा माझ्यावर, काहीतरी बोला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी ह्यांनी विचारलं, "शिडी तू का ओढलीस? मी काही सांगितलं नव्हतं."

"तुमचे हात अडकले होते म्हणून."

"तो मेला असता तर तुझ्यावर आलं असतं."

"तुमच्यावर एकट्यावर येण्यापेक्षा बरं." मग मला राहवेना. "चिमटा मी काढला होता. तुम्ही बोलणार होतात. तो उतरायच्या आधी बोलणार होतात."

हे पावावर लोणी लावत होते. सुरी थांबली.

"मी चौतीस वर्षं लोकांच्या शिव्या खाऊन बोलत आलो," हे म्हणाले. "एका चिमट्याने गप्प बसलो, तो दोष तुझा कसा?" मग सुरी पुन्हा लोण्यात घालत म्हणाले, "पण परत काढू नकोस."

"नाही काढणार."

तिसऱ्या दिवशी बंदर जवळ आलं आणि माझ्या फोनवर गाइडचा निरोप येऊन पडला. ती म्हणत होती, तो शुद्धीवर आहे. पहिला दिवस वाईट गेला, बायकोलाही ओळखत नव्हता. आता ओळखतो, बोलतो, पण टाकीत का उतरलो ते आठवत नाही. हात थोडे थरथरतात. डॉक्टर म्हणतात, जाईल. मी तो निरोप ह्यांना वाचून दाखवला. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्म्याची एक काच तडकलेली होती म्हणून डोळ्यांजवळ नेला, आणि स्वतः तीनदा वाचला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. आजूबाजूला माणसं होती. ह्यांनी तसं आधी कधी केलं नव्हतं.

थोरल्याचा फोन आला तो आम्ही घरी परतल्यावर, महिन्याभराने. नंबर गाइडने दिला होता. मी स्पीकर लावला.

"तुमच्या बरगड्या कशा आहेत?" त्याने विचारलं.

"जुळताहेत. भाऊ?"

"बागेत फिरतो. परवापासून जिभेवर पुन्हा साखर आली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला डॉक्टरांनी सगळं समजावलं. मी उतरलो असतो तर आईला एका दिवशी दोन मुलं गमवावी लागली असती. मला ते समजतं. पण खरं सांगू? मला अजून तुमचा राग येतो. झोपेतून जाग आली की तुमचे हात कमरेला जाणवतात. तुम्ही जीव वाचवलात आणि मला तुमचे आभार मानता येत नाहीत. फोन त्यासाठीच केला होता, पण येत नाहीत."

"नको मानूस," हे म्हणाले. "एकदा एक जण माझ्या हातून निसटला होता. तो असता, तर त्याच्याकडून असले शब्द मी रोज ऐकून घेतले असते."

थोरल्याला ते कळलं नसणार, पण त्याने विचारलंही नाही. पंखा आता चोवीस तास चालू असतो, म्हणाला. धाकटा पाहुण्यांशी ओरडून बोलतो.

"आणि तुमच्या मंडळींना सांगा," फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "माझी भावजय म्हणते, त्यांची ओढणी तिच्याकडे आहे. धुतली, पण डाग जात नाही. ती म्हणते, परत पाठवू का?"

मी म्हटलं, "राहू दे तिच्याकडेच."